क्षेत्रभेटीतील मोबाइल : निरीक्षणाचे साधन की उपस्थितीचा पुरावा?

प्रस्तावना :

भूगोलाच्या अध्यापनात क्षेत्रभेटीचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. नाकारले जात नाही म्हणूनच कदाचित तिची फारशी चिकित्साही होत नाही. अभ्यासक्रमात तिची तरतूद असते, तिला गुण असतात, बस ठरते, अहवाल बांधून घेतले जातात आणि पुढील वर्षी ते कपाटात मागे सरकतात. या सर्व व्यवहारात गेल्या दहा-बारा वर्षांत एका वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे विद्यार्थ्याच्या हातातील मोबाइल. मैदानी अध्ययनात या वस्तूचे स्थान कोणते असावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विचाराचे निमित्त एका प्रसंगाने घडले. काही वर्षांपूर्वी द्वितीय वर्ष कला शाखेच्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मी निघोज येथे गेले होते. पारनेर तालुक्यातील हे गाव कुकडी नदीच्या काठी आहे. पलीकडच्या तीरावर शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी. येथील पात्रात बेसाल्ट खडकात कोरले गेलेले रांजणखळगे पाहावयास महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांचे भूगोल विभाग केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असतात. एका खोल खळग्याच्या काठावर उभे राहून मी विचारले, "हा खळगा कसा तयार झाला असेल?" एका हुशार विद्यार्थ्याने तत्काळ खिशातून मोबाइल काढला, शोध घेतला आणि व्याख्या मोठ्याने वाचून दाखविली. व्याख्या बरोबर होती. भोवरा, दगडगोटे, घर्षण, सर्व त्यात होते. इतर विद्यार्थ्यांनी ती वहीत उतरवून घेतली. त्या अवधीत एकानेही खळग्यात डोकावून पाहिले नाही. तळाशी आठ-दहा गुळगुळीत गोटे पडलेले होते. ज्या हत्यारांनी ते काम केले ती हत्यारेच तेथे होती, आणि आमचा संपूर्ण वर्ग त्यांच्याकडे पाठ करून त्यांचे वर्णन लिहून घेत होता.

या प्रसंगाचा दोष मोबाइलला देणे सोपे आहे. परंतु तो न्याय्य ठरणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वी त्याच जागी एखाद्या प्राध्यापकाने हीच व्याख्या तोंडाने सांगितली असती आणि मुलांनी ती तशीच उतरवून घेतली असती. माझा प्रश्नच असा होता की त्याचे उत्तर पुस्तकात होते. पुस्तकात उत्तर असलेला प्रश्न नदीच्या पात्रात उभे राहून विचारला, तर विद्यार्थी पुस्तकाकडेच वळणार. मोबाइलने ते वळणे केवळ जलद केले. तेव्हा साधन बरे की वाईट हा वाद बाजूस ठेवून, ते कोणत्या प्रश्नासाठी आणि भेटीच्या कोणत्या क्षणी हातात येते, हे तपासणे अधिक उपयुक्त होईल असे मला वाटते.

परदेशी प्रयोग आणि त्यांच्या मर्यादा :

वर्गाबाहेरील अध्ययनात हातात मावणाऱ्या यंत्रांचा वापर स्मार्टफोनपेक्षा जुना आहे. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातील संशोधकांनी अन्य विद्यापीठांच्या सहकार्याने २००२ च्या सुमारास 'अँबियंट वुड' नावाचा प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांची मुले जोडीजोडीने एका वनात पाठविण्यात आली. एकाच्या हातात ओलावा व प्रकाश मोजणारी शलाका आणि दुसऱ्याच्या हातात त्या मापनाचे चित्र दाखविणारा छोटा संगणक, अशी विभागणी होती. वनात ठिकठिकाणी दडविलेल्या साधनांतून एरवी कानी न येणारे ध्वनीही ऐकविले जात. प्रयोगाचा जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो मात्र यातील सर्वांत साधा आहे. शलाका एकाकडे आणि आकडा दुसऱ्याकडे असल्यामुळे दोघांना एकमेकांशी बोलावेच लागे. इथे जास्त ओल असेल की तिथे, असा अंदाज करून मग शलाका टोचली जाई. यंत्राने उत्तर देण्यापूर्वी मुलांच्या मनात एक अपेक्षा तयार झालेली असे. शिवाय वनातून परतल्यावर सर्व जोड्या एकत्र बसून आपापल्या नोंदींची चर्चा करीत. अध्ययन घडले असेल तर ते या दोन ठिकाणी, अंदाजात आणि परतल्यानंतरच्या चर्चेत. दडविलेल्या ध्वनिवर्धकांत ते फारसे नसावे असा माझा तर्क आहे.

त्याच सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत एरिक क्लॉफर व कर्ट स्क्वायर यांनी 'एन्व्हायर्नमेंटल डिटेक्टिव्हज' हा खेळ रचला. संस्थेच्या परिसरात विषारी द्रव सांडून भूजल दूषित झाले आहे अशी कल्पना करून, जीपीएस जोडलेल्या हातसंगणकाच्या मदतीने विद्यार्थ्यांनी परिसरात फिरावे, ठिकठिकाणी आभासी विहिरी खणून आभासी नमुने घ्यावेत, आभासी व्यक्तींच्या मुलाखती घ्याव्यात आणि प्रदूषणाचा उगम शोधावा, असे त्याचे स्वरूप होते. रचना कल्पक आहे यात शंका नाही. तथापि महाराष्ट्रातील प्राध्यापकाला हे वाचताना थोडे हसू येते. मुळा-मुठा किंवा पंचगंगेच्या काठी शिकविणाऱ्याला दूषित पाण्याची कल्पना करण्याची काय गरज? आपल्याकडे प्रदूषण खरे आहे, विहिरी खऱ्या आहेत आणि ज्यांची मुलाखत घ्यावयाची ती माणसेही बांधावर उभी आहेत. उणीव असते ती मोजमापाची आणि ते सलग करीत राहण्याच्या चिकाटीची.

मोजमापाच्या दृष्टीने हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातील 'इकोमोबाइल' हा प्रकल्प अधिक विचारार्ह आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासात सहावीच्या विद्यार्थ्यांनी एका स्थानिक तळ्याकाठी स्मार्टफोन आणि पाण्यातील विरघळलेला प्राणवायू, गढूळपणा, सामू व तापमान मोजणाऱ्या शलाका अशी दोन्ही साधने वापरली. आकलनात आणि विषयाबद्दलच्या दृष्टिकोनात वाढ दिसून आली. परंतु ही वाढ फोनच्या पडद्यावर उमटलेल्या चित्रांमुळे झाली, की मुलांनी स्वतःच्या हाताने तळ्याचे पाणी मोजले म्हणून झाली, हा प्रश्न उरतोच. सूचना फोनने दिल्या आणि माप शलाकेने घेतले, तर श्रेय कोणाचे?

या स्वरूपाच्या अभ्यासांबाबत एक सर्वसाधारण आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पूर्वचाचणी, एक-दोन दिवसांची बाहेरची भेट आणि उत्तरचाचणी, असा पुष्कळांचा साचा असतो. साधन नवे असते, संशोधकांचे पथक मदतीस उभे असते आणि मुलांना त्या दिवसाचे अप्रूप असते. आपल्या महाविद्यालयात बेचाळीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापिका, एक शिपाई आणि 'किती वाजता निघायचं' म्हणून दर तासाला विचारणारा बसचालक असतो. त्या प्रयोगांचे निष्कर्ष या परिस्थितीत जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. माइक शार्पल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेला विचार मात्र येथे उपयोगी पडतो. फिरत्या अध्ययनात फिरतो तो शिकणारा, यंत्राचे फिरणे गौण आहे, असा त्याचा आशय आहे. आपल्या विभागांनी खरेदीची यादी करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावयास हवे.

नाव कळणे आणि ओळख होणे :

पर्यावरण अभ्यास हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी तयार केलेल्या मूळ अभ्यासक्रमात पन्नास व्याख्यानांची योजना होती आणि शेवटचे, आठवे घटक क्षेत्रकार्याचे होते. त्यास पाच व्याख्यानांइतका वेळ आणि शंभरपैकी २५ गुण होते. नदी, टेकडी, तळे यांसारख्या परिसंस्था आणि परिसरातील सामान्य वनस्पती, कीटक व पक्षी यांचा अभ्यास त्यात अपेक्षित होता. हे २५ गुण अनेक ठिकाणी कसे दिले गेले हे आपण सर्वजण जाणतो. एकाच प्रकल्पाच्या झेरॉक्स प्रती पिढ्यान्‌पिढ्या फिरल्या. याचे एक कारण असे सांगितले जाई की वाणिज्य वा कला शाखेच्या प्राध्यापकाला झाडे आणि पक्षी ओळखता येत नाहीत, मग तो विद्यार्थ्यांना काय दाखविणार?

ही सबब आता उरलेली नाही. आयनॅचरलिस्ट हा उपक्रम २००८ मध्ये बर्कली येथील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झाला आणि २०१७ पासून तो छायाचित्रावरून प्रजाती सुचवू लागला. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचे मर्लिन हे अ‍ॅप २०२१ पासून आवाजावरूनही पक्षी सुचविते, आणि आवश्यक संच आधी उतरवून घेतला असल्यास नेटवर्क नसतानाही चालते. ज्या प्राध्यापकाला बुलबुल आणि साळुंकी यांपलीकडे पक्षी ठाऊक नाही, त्यालाही ही साधने धीर देतात. हा लाभ मोठा आहे आणि तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

परंतु नाव कळणे म्हणजे ज्ञान होणे नव्हे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर घडले आहे. १९३० साली सलीम अली यांनी अलिबागजवळ किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या वसाहतीचे निरीक्षण केले. पक्षी अनोळखी नव्हता. सुगरणीचे खोपे कोकणातील पोरालाही माहीत होते. शिडीच्या माथ्यावर कापडी आडोसा करून त्यांनी रोज पाहिले, टिपणे ठेवली आणि त्यातून जे हाती लागले ते कोणालाच नीट ठाऊक नव्हते. नर अर्धवट खोपा विणतो, मादी येऊन तो पारखते, पसंत पडल्यास तेथे राहते. नर तो पूर्ण करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणावयास घेतो. पुढील वर्षी हे निरीक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आजचे अ‍ॅप त्या पक्ष्याचे नाव क्षणार्धात सांगेल आणि विद्यार्थी समाधानाने पुढच्या झाडाकडे जाईल. जेथे सलीम अली यांचे काम सुरू झाले, नेमक्या तेथे आपल्या विद्यार्थ्याचे काम संपते.

म्हणून माझ्या मते, नाव सांगणाऱ्या अ‍ॅपपेक्षा नाव आधीच ठाऊक असल्याचे गृहीत धरणारे अ‍ॅप शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. २०१० मध्ये केरळमध्ये सुरू झालेला 'सीझनवॉच' हा उपक्रम असा आहे. विद्यार्थ्याने आंबा, फणस, चिंच, बहावा अशा ओळखीच्या झाडांपैकी एक निवडावे आणि दर आठवड्याला त्याच झाडापाशी जाऊन कोवळी पाने, कळ्या, फुले, फळे यांची नोंद करावी, एवढेच यात अपेक्षित असते. येथे मोबाइल वहीचेच काम करतो. परंतु ही वही विद्यार्थ्याला पुन्हा त्याच जागी जावयास लावते. आपल्या क्षेत्रभेटीत नेमका याचाच अभाव असतो. आपण एखाद्या ठिकाणी वर्षातून एकदा जातो आणि ते पाहिले असे म्हणतो.

'ई-बर्ड'मध्येही अशी एक शिस्त आहे आणि तिच्याकडे आपल्या प्राध्यापकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. किती वेळ पाहिले, किती अंतर चाललात आणि ओळखता आलेले सर्व पक्षी तुम्ही नोंदविले आहेत काय, हे त्यात विचारले जाते. सर्व पक्षी नोंदविले असल्यास जो नोंदला नाही तो आढळला नाही, असा अर्थ निघतो. न दिसणे हीसुद्धा माहिती आहे ही जाणीव एखाद्या कला शाखेच्या विद्यार्थ्यास झाली, तर संशोधनपद्धतीची दोन व्याख्याने वाचली असे मी म्हणेन. अशा नोंदींच्या आधारे २०२० मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तयार झाला. त्यामागे १५,५०० हून अधिक निरीक्षकांच्या एक कोटीवर नोंदी होत्या आणि ८६७ प्रजातींचा विचार होता. चिमणी सर्वत्र नाहीशी होत आहे हा समज त्यात टिकला नाही. मोठ्या शहरांत तिची संख्या घटली असली, तरी देशभराचा विचार करता ती साधारण स्थिर आढळली. चिमण्या मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे गेल्या, असे आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत छातीठोकपणे लिहिलेले असते. त्या विधानाची शहानिशा करण्याचा मार्ग मोबाइलमधूनच जातो, ही गंमत त्यांना दाखवून द्यावयास हरकत नाही.

छायाचित्राचे दोन प्रकार :

तरीही आपल्या महाविद्यालयांत क्षेत्रभेटीच्या वेळी सर्वाधिक वापरले जाणारे अ‍ॅप यांपैकी एकही नव्हे. ते आहे छायाचित्रावर अक्षांश, रेखांश, दिनांक आणि नकाशाचा तुकडा छापणारे. गुणवत्ता मूल्यांकनाच्या कागदपत्रांत अशी 'जिओटॅग' छायाचित्रे जोडावी लागतात. त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे, कारण न झालेल्या सहलींचे अहवालही एके काळी सादर होत असत. पुरावा मागणाऱ्याचे चुकले असे मी म्हणत नाही. पण पुरावा गोळा करण्याची सवय हळूहळू पाहण्याच्या सवयीची जागा घेते, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहत आहोत. बसमधून उतरताच फलक धरून गटाचे छायाचित्र घेतले जाते. ते घेऊन झाले की भेट जणू पार पडली.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्‌बोधक ठरेल. संग्रहालयातील काही वस्तूंचे छायाचित्र घ्यावयास आणि काही वस्तू नुसत्याच पाहावयास सहभागी व्यक्तींना सांगण्यात आले. ज्यांचे संपूर्ण छायाचित्र घेतले त्या वस्तू आणि त्यांचे तपशील नंतर कमी आठवले. जणू लक्षात ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपविले गेले होते. परंतु वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ आणून छायाचित्र घेतले असता असे घडले नाही. या दुसऱ्या निष्कर्षाचा उल्लेख आपल्याकडील चर्चांत क्वचितच होतो, आणि शिक्षकाच्या उपयोगाचा तर तोच आहे. कोणता भाग जवळून घ्यावयाचा हे ठरविण्यासाठी आधी पाहावे लागते. छायाचित्र हे शेवटी कशाकडे लक्ष दिले याचा निर्णय असते. तो निर्णय विद्यार्थ्याने घेतलेला असल्यास मोबाइल अडथळा ठरत नाही.

जिओटॅगच्या अचूकतेविषयीही एक गोष्ट भूगोलाच्या प्राध्यापकांनी तरी ध्यानात ठेवावयास हवी. मोकळ्या आकाशाखाली सामान्य स्मार्टफोनची स्थाननिश्चिती सुमारे पाच मीटरच्या आत असते. घळीत, कड्यालगत वा दाट झाडीखाली ती याहून ढळते. निघोजच्या पात्रात पाच मीटरच्या वर्तुळात तीन-चार खळगे सहज मावतात. म्हणजे छायाचित्रावर छापलेले दशांश स्थळांपर्यंतचे आकडे तो खळगा नेमका कोणता हे सांगू शकत नाहीत. त्याकरिता नदीकाठच्या एखाद्या ठळक खडकापासून अंतर आणि दिशा मोजण्याची जुनी रीतच वापरावी लागते. दिशा मोजतानाही मोबाइलमधील होकायंत्रावर डोळे झाकून विसंबता येत नाही, कारण आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते आणि खडकाला टेकून घेतलेले माप त्यामुळे ढळू शकते. ही त्रुटी लपविण्याऐवजी मोजावयास दिली तर तिचाच एक चांगला प्रात्यक्षिक पाठ होतो. उताराचा कोन मोजण्यास मात्र मोबाइलमधील त्वरणमापक उत्तम उपयोगी पडतो. अनेक विभागांत चाळीस विद्यार्थ्यांत एखादीच अ‍ॅबनी लेव्हल असते आणि तीही कपाटातून बाहेर काढण्यास कोणी धजत नाही. जर्मनीतील आखेन येथील विद्यापीठाने तयार केलेल्या 'फायफॉक्स'सारख्या विनामूल्य अ‍ॅपमुळे प्रत्येक गटाला आपले माप घेता येते. एका उताराची आठ गटांनी घेतलेली आठ मापे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली की त्रुटी म्हणजे काय ते निराळे शिकवावे लागत नाही.

मोबाइल कोणाच्या हातात?

येथवरचे विवेचन प्रत्येक विद्यार्थ्याकडे मोबाइल आहे असे धरून झाले. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण सर्वेक्षणानुसार १४ ते १८ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरता येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के होते. ही मुले आता आपल्या वर्गांत आहेत. गट पाडून 'प्रत्येक गटात एक मोबाइल' असे आपण सांगतो, तेव्हा तो बहुधा मुलाचा असतो आणि मोजणारा, छायाचित्र काढणारा, अ‍ॅप हाताळणारा तोच ठरतो. मुलीकडे वही येते. अहवालातील सुवाच्य अक्षर तिचे असते आणि निरीक्षण त्याचे. मी हे अनेक गटांत पाहिले आहे, आणि पहिली दोन वर्षे मला ते खटकलेही नाही, हे सांगण्यास संकोच वाटतो. वहीतील काम अधिक नेटके म्हणून मी मुलींचे कौतुकच करीत असे.

यावर उपाय अवघड नाही. अँबियंट वुडमधील जोडीचे तत्त्व थोडे वळवून घ्यावे. ज्याचा मोबाइल त्याच्या हातात तो असणार नाही. तो सांगेल आणि दुसरी व्यक्ती हाताळेल. खासगी फोन दुसऱ्याच्या हाती देण्यास विद्यार्थी कुरकुरतात, ही अडचण खरी आहे. त्यासाठी विभागाने दोन-तीन साधे फोन बाळगावेत. त्यांत सिमकार्डाचीही आवश्यकता नाही, कारण वर उल्लेखिलेली मापे नेटवर्कवाचून घेता येतात.

निघोजला पुन्हा :

पुढील वर्षी आम्ही पुन्हा निघोजलाच गेलो. भेटीचा क्रम मात्र बदलला होता. पहिली पाऊण तास सर्वांचे मोबाइल पिशवीत. प्रत्येक गटाला एक दोरी, तिला बांधलेला दगड, मोजपट्टी आणि वही. खळग्याची खोली व तोंडाचा व्यास मोजा, तळाशी काय आहे ते पाहा आणि ज्याचे उत्तर ठाऊक नाही असा एक प्रश्न लिहा, एवढेच काम दिले. निसरड्या काठावर जाण्यास मनाई होती. मोबाइल पिशवीत असल्याने पाण्याच्या कडेला उभे राहून सेल्फी घेण्याचा धोका निदान तेवढा वेळ टळला. सर्वांनी मन लावून काम केले असा दावा मी करणार नाही. दोघांनी वेगळे फोन खिशात ठेवले होते, एका गटाने दोरी पाण्यात घालविली आणि चार गटांची मापे परस्परांशी जुळेनात. हा नियंत्रित प्रयोग नव्हता आणि त्यावरून कोणताही सिद्धान्त मांडण्याचा माझा मानस नाही.

मोबाइल पिशवीतून बाहेर आले ते या प्रश्नांसाठी. एका गटाने खळग्याच्या तळातील गोट्यांचे जवळून छायाचित्र घेतले, शेजारी मोजपट्टी ठेवून. खळगा रुंदावताना दिसणे आपल्या आयुष्यात शक्य नाही, पण पावसाळ्यानंतर त्याच खडकावरून तेच छायाचित्र पुन्हा घेतले तर गोटे हलले की नाही ते कळेल, असे त्यांचे त्यांनीच ठरविले. दुसऱ्या गटाने नदीकाठी भेटलेल्या एका वयस्क शेतकऱ्यांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. पुस्तकातील रांजणखळग्यांना ते 'कुंड' म्हणत होते. "पयले पाणी पावसावर यायचं, आता ते आवर्तनावर येतं," हे त्यांचे वाक्य घरी जाऊन पुन्हा ऐकताना विद्यार्थ्यांच्या लक्षात आले की नदीच्या वरच्या अंगाला येडगावचे धरण आहे आणि आपण मोजलेल्या खळग्यांतील भोवरा आता पाटबंधाऱ्यांच्या वेळापत्रकावरही अवलंबून असणार. ही गोष्ट त्यांच्या पाठ्यपुस्तकात नव्हती, आणि मलाही तोवर सुचलेली नव्हती.

राज्यात २०२३ पासून पदवीच्या नव्या श्रेयांक आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. त्याचे तपशील, नोंदवह्या आणि गुणदानाचे तक्ते प्रत्येक विभाग आपापल्या परीने तयार करीत आहे. आमच्या विभागाच्या तक्त्यात उपस्थिती, छायाचित्रे, अहवालाची बांधणी, सादरीकरण आणि तोंडी परीक्षा असे रकाने होते. त्या दिवशी एका विद्यार्थिनीने वहीत लिहिले होते, "ज्या कुंडात गोटे नाहीत ते आता वाढायचे थांबले आहे, की गोटे पुरात निघून गेले आणि पुढच्या पुरात दुसरे येतील?" उत्तर तिला मिळाले नव्हते आणि तिने ते मोबाइलवर शोधलेही नव्हते. तक्त्यात या प्रश्नासाठी रकाना नव्हता. मी तिला त्याचे गुण 'सादरीकरण' या रकान्यात दिले, आणि विभागाच्या पुढील बैठकीपुढे रकाना वाढविण्याचा अर्ज ठेवला आहे.